दांडी वर, अंगठा बाहेर

मोटारीच्या इंजिनाला ठिणगी नेमकी केव्हा द्यायची, एवढ्या एकाच प्रश्नावर माझं उभं आयुष्य गेलं. लोक म्हणतात, मिस्तरीनं शेकडो गाड्या दुरुस्त केल्या. खरं आहे. त्यातल्या काही आधी मीच बिघडवल्या होत्या, हे लोकांना माहीत नाही. यंदाच्या दिवाळी अंकासाठी कामाविषयी लिहा असा निरोप आला तेव्हा बायको म्हणाली, चांगलं तेवढंच लिहा. तेवढ्यानं अर्धं पानसुद्धा भरेना, म्हणून हे दुसरं लिहितो आहे.

ज्यांनी मोटारीचं बॉनेट कधी उघडून पाहिलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. आमच्याकडे एका उखळात दोन बाया समोरासमोर उभ्या राहून कांडायच्या. एकीचं मुसळ खाली गेलं की दुसरीचं वर. दोघी गप्पा मारत असतात, उखळाकडे कोणी पाहत नाही, पण मुसळं एकमेकांना शिवत नाहीत. इंजिनाचं तसंच आहे. पिस्टन वर येतो, पेट्रोलची वाफ दाबतो, आणि तो माथ्यावर पोचला की ठिणगी पडते, भडका होतो, पिस्टन खाली ढकलला जातो. ठिणगी उशिरा पडली तर भडका पिस्टनच्या मागून धावत सुटतो. गाडी मरतुकडी चालते आणि तापते. लवकर पडली तर पिस्टन अजून वर येतोय आणि भडका त्याला खाली रेटतोय. मुसळावर मुसळ. चालत्या गाडीत त्याचा आवाज कढईत फुटाणे फुटल्यासारखा येतो. आणि गाडी बंद असून ती सुरू करायला तुम्ही समोर उभे राहून हँडल मारत असाल, तर इंजिन उलटं फिरतं, हँडलही उलटं फिरतं, आणि हँडलच्या टोकाला तुमचा हात असतो.

म्हणून त्या काळच्या गाड्यांना स्टिअरिंगच्या चाकाखाली एक छोटी दांडी असायची. दांडी वर केली की ठिणगी उशिरा, खाली ओढली की लवकर. हँडल मारताना दांडी वर. गाडीनं वेग घेतला की हळूहळू खाली. आणि हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीसारखा गुंडाळायचा नाही. म्हणजे हँडल उलटलंच तर हातातून निसटून जातं. दांडी वर, अंगठा बाहेर. शाळेतल्या पोरांना पाढे असतात तसा हा आमचा पाढा होता. कोणाचं मनगट मोडलं की सगळी मोटारजात एका सुरात म्हणायची, 'अंगठा आत ठेवला असन.' दुसरं कारण आम्ही ऐकूनच घेत नसू.

मी हे काम अमरावतीला एका उस्तादांच्या हाताखाली शिकलो. पिस्टन माथ्यावर कधी येतो ते कळायला प्लग काढून त्याच्या भोकात काहीतरी घालून पाहावं लागतं. उस्तादांकडे त्यासाठी पितळी सळई होती. ती ते स्वतःच्या खिशात ठेवत, कारण मी कोण ते त्यांनी ओळखलेलं होतं. एकदा ते बाहेर असताना एका वकीलसाहेबांची गाडी आली. मी कुंपणाची तुराटी मोडली आणि तीच घातली. तूर पिकवणाऱ्या मुलखातल्या माणसालाच सुचावं असं हे. पिस्टन आला, तुराटी वर उचलली गेली, मला फार आनंद झाला, आणि आनंदाच्या भरात मी हँडल जरा जास्त फिरवलं. तुराटीचं वीतभर टोक आत राहिलं. काढायला गेलो तर आणखी तुटलं. शेवटी विचार केला की आत आग आहे आणि हे लाकूड आहे, दोघांचं दोघं पाहून घेतील. प्लग बसवला. दुसऱ्या दिवशी वकीलसाहेब येऊन म्हणाले, गाडी उत्तम चालते, फक्त मागून चुलीचा वास येतो. मी म्हणालो, नवीन पेट्रोल आहे साहेब.

तर इतका खोटेपणा अंगात मुरलेला माणूस पुढं अकोल्याच्या एका शेडमध्ये टायमिंगचा जाणकार म्हणून नाव कमावून बसला. आता जे सांगतो ते तिथलं.

दुसरी मोठी लढाई चालू होती. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात, आणि पेट्रोल कुपनावर. कुपनाचं पेट्रोल आठवड्याच्या सुरुवातीलाच संपायचं. मग लॉऱ्यांच्या मागे लोखंडी भट्ट्या बसल्या. भट्टीत बाभळीचा कोळसा पेटवायचा, त्याचा गॅस नळीनं इंजिनात आणायचा. सकाळी दोन पळ्या पेट्रोलवर गाडी सुरू करायची, भट्टी तापली की गॅसवर घ्यायची. हा गॅस स्वभावानं आळशी. पेट्रोल भडकन पेटतं, हा पेटू का नको करत पेटतो. त्यामुळे त्याला ठिणगी बरीच आधी द्यावी लागते. दांडी पूर्ण खाली ओढली तरी कमी पडते.

हिवरखेडचा महादेव माळी अशीच एक भट्टीवाली लॉरी चालवायचा. मळा दोघा भावांचा. थोरले नारायणदादा मळा पाहत, धाकटा महादेव वांगी, मिरच्या आणि शेजारपाजारच्या पानमळ्यांतली पानं भरून पहाटे निघे, अकोटावरून अकोल्याच्या बाजारात येई. लॉरी घ्यायची ही कल्पना महादेवची. नारायणदादांचा बैलावर विश्वास. बैल मागं लाथ मारतो, पुढून शिंग मारतो, पण काय मारणार ते आधी कळतं, असं ते म्हणत.

महादेव एकदा शेडमध्ये आला तो वैतागून. पूर्णेच्या काठचा चढ आला की गाडी म्हशीसारखी बसते, म्हणाला. पानं उन्हात कोमेजून जातात, बाजार निघून जातो, आणि घरी दादा काही बोलत नाहीत, नुसते बैलांकडे पाहतात. मी म्हटलं, उभी कर. ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट ढिला केला आणि ठिणगी दांडीच्या पलीकडे चांगली बोटभर आधी नेऊन बसवली. शेडच्या जमिनीला रस्त्याकडे उतार होता, म्हणून चौघांनी ढकललं आणि गाडी सुरू झाली. बटणावर गाडी सुरू करणारा सेल्फ कोणाचाच चालत नसे. बॅटऱ्या मिळत नव्हत्या, जुन्यात ठिणगीपुरताच जीव असायचा. मी महादेवला घेऊन चक्कर मारली. गाडी अशी ओढायला लागली की त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. मी नम्रपणे म्हणालो की काही नाही, कानाचं काम आहे.

एक गोष्ट सांगायची राहिली. ठिणगी मुळातच इतकी आधी नेल्यावर दांडी वर केली तरी ती आधीच पडणार. म्हणजे या गाडीची दांडी आता नुसती शोभेची. उतारावर ढकलून सुरू करा, नाहीतर हँडल मारण्यापूर्वी बोल्ट ढिला करून ठिणगी मूळ खुणेवर आणा, हे त्याला सांगायला हवं होतं. मी कानाचं कौतुक करून घेण्यात गुंतलो होतो. आणि हँडलला त्या दिवशी मी हातही लावला नव्हता.

तिसऱ्या दिवशी अकोटच्या एका ड्रायव्हरनं शेडमध्ये बातमी आणली. हिवरखेडच्या महादेवचा उजवा हात मोडला, हँडलनं. शेडमधले सगळे म्हणाले, अंगठा आत ठेवला असन. मीही म्हणालो. 

दुसऱ्या दिवशी उतारूंच्या सर्व्हिस मोटारीनं निघालो. अकोल्याहून निघालो तेव्हा सगळं कबूल करायचं ठरलं होतं. अकोटला चहा प्यायलो तोवर ते 'बोलता बोलता सुचवायचं' इथपर्यंत उतरलं. हिवरखेडात पाय ठेवला तेव्हा 'तब्येत पाहून यायची' एवढंच शिल्लक होतं.

महादेव ओसरीत बसला होता. हाडवैद्यानं हात बांबूच्या कामट्यांत बांधलेला. येणाऱ्या प्रत्येकाला तो डाव्या हातानं करून दाखवत होता, हँडल कसं धरलं, अंगठा कुठं होता. मलाही दाखवलं.

"मले तं वाटते अंगठा बाहेरच होता, मिस्तरी. दांडीबी वर होती. मंग हात काहून मोडन?"

इथं बोलायचं होतं. मी म्हणालो, होतं असं कधी कधी. महादेवची बायको अनसूया चहाची कपबशी घेऊन आली होती, तिनं माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मी चहा प्यायलो आणि गाडी पाहतो म्हणून अंगणात गेलो. बॉनेट उघडलं, पाना काढला आणि ठिणगी गुपचूप पूर्वी होती तिथं परत आणून ठेवली. माझ्या मते मी फार सज्जन काम करत होतो. पुन्हा कोणाचा हात मोडायला नको. हँडल मारून पाहिलं. गाडी गरीब गाईसारखी सुरू झाली.

नारायणदादा गोठ्याच्या दाराशी उभे राहून पाहत होते. त्यांनी आयुष्यात हँडलला हात लावला नव्हता. ते पुढं आले, गाडी बंद करायला सांगितली, आणि मी करतो तसं स्वतः केलं. धोतराचा सोगा सावरत, अर्धा वेढा. गाडी सुरू झाली. त्यांनी ओसरीकडे तोंड केलं आणि काही रागानं नाही, नुसतं माहिती दिल्यासारखं म्हणाले,

"पाय महादेवा. म्याबी सुरू केली. गाडीत काई नाई."

महादेव डाव्या हाताचा अंगठा पाहत बसला. म्हणाला, आतच असन मंग.

त्याच्या बाजूनं जगात एकच साक्षीदार होता, ते इंजिन. त्याची जबानी मी पान्यानं बदलून आलो होतो. परतीच्या गाडीत मला हे कळलं. तरी मी परत फिरलो नाही. गाडी पुढं चालली होती, हे कारण तेव्हा मला पुरेसं वाटलं.

दीड महिन्यानं नारायणदादांचा निरोप आला. लॉरी विकायची ठरली. ज्याला हँडल धरता येत नाही त्याच्या हातात चाक कशाला, महादेवनं मळ्यात पाणी वळवावं, एका हातानं होतं तेवढं. घेणारा अकोटचा व्यापारी होता. आमच्याकडे रिवाज असा की मोटार बघणाऱ्या मिस्तरीच्या शब्दाशिवाय कोणी मोटार घेत नसे, जशी गाय घेताना आधी धार काढून पाहतात. मिस्तरीनं चार माणसांत बॉनेटवर हात ठेवून सांगायचं, गाडीत दोष आहे की नाही. तेवढ्यासाठी मला बोलावलं होतं.

गेलो तेव्हा अंगणात बाज टाकलेली, तीवर व्यापारी बसलेला. नारायणदादा उभे. अनसूया दाराच्या आत. महादेव भिंतीला टेकून, कामट्या सुटलेला हात मांडीवर ठेवलेला. तो माझ्याकडे पाहत नव्हता, गाडीकडेही नव्हता. चार घरची माणसं जमली होतीच. मोटार विकली जाताना पाहायला गावात फुकट मिळतं.

व्यापारी म्हणाला, बोला मिस्तरी, दोष काय? मी बॉनेटवर हात ठेवला. दोष नाही, हे शंभर टक्के खरं होतं. इतकं खरं बोलायची संधी मला धंद्यात क्वचितच मिळाली होती. तोंड उघडलं, तेवढ्यात नजर महादेवच्या मांडीवरच्या हातावर गेली.

मी म्हटलं, जरा थांबा. बॉनेट उघडलं. शेडमध्ये ठिणगी आधी नेली त्या दिवशी बोल्ट आवळला होता, त्याच्या चकतीचा वण पत्र्यावर उमटलेला होता. ठिणगी बरोब्बर तिथं नेऊन बसवली. मग महादेवला हाक मारली, जवळ ये आणि माझा अंगठा पाहा. तो आला. मी हँडल धरलं, अंगठा बाहेर, सगळ्यांना दिसेल असा. दांडी वर आहे हे नारायणदादांना बघायला सांगितलं. त्यांनी पाहिलं. मी हँडल ओढलं.

गाडी छान सुरू झाली.

लोक हसले. व्यापारी म्हणाला, उत्तम गाडी आहे. आता इंजिन असंच असतं. ज्या दिवशी गरज असते त्या दिवशी ते लाथ मारत नाही. मी गाडी बंद केली, कपाळ पुसलं आणि पुन्हा धरलं. खरं सांगतो, एकदा वाटून गेलं की नियतीनंच सोडवलं, आता गप्प बसावं. महादेव मात्र माझ्या अंगठ्याकडे पाहत होता, वाकून, अगदी जवळून. दुसऱ्यांदा ओढलं.

पुढचं मला नीट दिसलं नाही. हँडल उलटं आलं, हातातून निसटलं आणि वरच्या फेऱ्यात माझ्या कोपराखाली बसलं. मी मागच्या मागे वांग्यांच्या टोपल्यात जाऊन पडलो. अकोल्याच्या टायमिंगच्या जाणकाराला उठवायला दोन माणसं लागली, आणि उठल्यावर पाठीला तीन वांगी चिकटलेली होती. कोणी हसलं नाही.

मी महादेवला म्हणालो, "अंगठा बाहेर होता ना माझा? तुझाही बाहेरच होता. त्या दिवशी ठिणगी मीच आधी नेली, अन् तुला सांगितलं नाही. मागच्या वेळी आलो तेव्हा गुपचूप परत केली."

 मोडलेला उजवा हात त्यानं समोर धरला आणि अंगठा हलवून पाहिला, थोडासाच हलत होता. मग म्हणाला,

"बाहेरच होता नं?"

"बाहेरच होता."

तो खाली बसला. हसत होता की काय करत होता ते मला कळलं नाही, तोंड खाली होतं. आतून अनसूयेचा आवाज आला. ती मला सरळ कधी बोलली नव्हती.

"मंग येवढे दिवस तोंडात काय पान होतं, मिस्तरीबाप्पा? रातच्याले उठू उठू अंगठा पायते हा मानूस."

मी दुसऱ्या हातानं पाना घेतला आणि ठिणगी सगळ्यांदेखत मूळ जागी आणून ठेवली. नारायणदादांनी व्यापाऱ्याला सांगितलं की गाडी द्यायची नाही. व्यापाऱ्याची मुळीच हरकत नव्हती, तो हँडलपासून चांगला चार हात लांब सरकला होता. मग दादांनी माझ्या कोपरावर गार पाणी ओतलं. ओततानाच म्हणाले की बैल असता तर त्यानं लाथ मारल्यावर कोणी महादेवचा अंगठा तपासला नसता, बैलालाच धरलं असतं. मला वाटतं, भावाची माफी मागायची त्यांची ती पद्धत होती. महादेवनं ओळखली असावी, कारण तो म्हणाला, दादा, उद्या पानं भरू.

दुसऱ्या दिवशीपासून हँडल नारायणदादा मारायचे, चाकावर महादेव. दादा पहाटे अंघोळ करून, कपाळाला गंध लावून हँडल मारत. देवाचं काम असल्यासारखं. वर्षभरात ते इतके सराईत झाले की गावातले दुसरे मोटारवाले त्यांना बोलावून नेत. मी मात्र कधी सांगितलं नाही की तेवढी कला लागत नाही.

महादेवचं हाड जुळलं, पण तिरपं. उजवा तळवा वर वळेना. तीर्थ घ्यायला तो डावा हात पुढं करायचा, आणि नव्या भटजीनं नजर टाकली की शांतपणे म्हणायचा, आमच्या मिस्तरीचं टायमिंग हाये हे. मी सोबत असलो तरी म्हणायचा, सोबत असलो तर जास्त. लोक हसायचे, मीही हसायचो. घरी आल्यावर मला जेवण जात नसे.

गाडी तो माझ्याकडेच आणत राहिला. अकोल्यात तोवर माझ्यापेक्षा शहाणे चार मिस्तरी झाले होते. एकदा ठिणगी बसवून झाल्यावर मी न राहवून विचारलं, महादेवराव, इतकं होऊन माझ्याकडे काहून येता? तो विडा चघळत होता. तेवढा संपवून म्हणाला,

"तुमाले आता भेव हाये. मले भेव असलेला मिस्तरी पायजे."

आणि तो गाडीत चढला. हा त्यानं लावलेला नियम होता, पुढं माझ्या शेडचाच झाला: ज्यानं ठिणगी बसवली, पहिलं हँडल त्यानं मारायचं. मी समोर जाऊन उभा राहिलो. त्यानं दांडी वर केली, खिडकीतून मान बाहेर काढली आणि माझा अंगठा कुठं आहे ते पाहिलं.

"हं," म्हणाला. "ओढा."